फौजी पेटीतला विमानाचा पत्रा : ओळखायचा कसा, जपायचा कसा

धाब्याच्या घरात मधल्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांमागे लोखंडी ट्रंक असते. उघडली की वर रुमालात गुंडाळलेली मेडलं, त्याखाली डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेली नोकरीची नोंदवही) आणि तळाशी तळहाताएवढा करडा पत्रा, एका कडेला रिव्हेटांची (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची) ओळ. घरातली म्हातारी माय सांगते, "इमानना पत्रा शे." जळगाव, धुळे, नंदुरबार भागात अशा वस्तू जमवायला निघालेल्या नव्या माणसासाठी हा लेख आहे.

हकिकतीवाचून पत्र्याची किंमत भंगाराच्या किलोच्या भावापलीकडे जात नाही, आणि पत्र्यावर तपासून न पाहिलेली हकिकत ऐकीवच राहते. म्हणून आधी नोंद, मग पडताळणी आणि सर्वांत शेवटी साफसफाई. नवे लोक नेमके उलटे जातात. घरी आणतात, घासून चकाचक करतात आणि मग विचारतात की हे कोणत्या विमानाचं. तोपर्यंत उत्तर देणारा रंग, शिक्का आणि माती नाल्यातून वाहून गेलेली असते.

पेटीत काय काय निघतं

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या शिपायाच्या सामानात बाहेरच्या पत्र्याचे तुकडे, विमानाच्या काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकचे (पर्स्पेक्स) घासून केलेले बदाम, अंगठ्या आणि सुऱ्यांच्या मुठी, इंजिनाच्या पिस्टनचा ॲशट्रे, डायल, घड्याळं आणि पॅराशूटचं कापड सापडतं. पॅराशूटच्या कापडाचे पुढे ब्लाऊज, झबली आणि उशीचे अभ्रे झालेले असतात, त्यामुळे पेटीबरोबर कपड्यांचं बोचकंही बघायला मागा. वैमानिकांना दिलेले रेशमी किंवा रेयॉनचे छापील नकाशेही कधी कधी हातरुमाल म्हणून जपलेले असतात. ते धुऊ नका, शाई फुटू शकते.

१९६५ आणि १९७१च्या वस्तू वेगळ्या दिसतात. जेट विमानांचा पत्रा जाड, खिळे बहुतेक सपाट डोक्याचे, आणि नळ्या, प्लग, केबलींचे तुकडे जास्त.

घरात मिळालेली प्रत्येक डायल युद्धभूमीवरून आलेली नसते. १९४५नंतर लष्कराचा उरलेला माल लिलावात निघाला. त्या 'डिस्पोजल'च्या मालातले मीटर, स्विच आणि घड्याळं मुंबईच्या चोरबाजारातून गावोगावच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांपर्यंत पोहोचली. वस्तू खरी, पण फौजीनं आणलेली नाही. अशी वस्तू जरूर ठेवा, फक्त नोंदीत 'डिस्पोजलचा माल' असं स्पष्ट लिहा.

हात लावण्याआधी

हा भाग वाचल्याशिवाय कुणाची पेटी उघडायला जाऊ नका.

काडतूस, तोफेचा गोळा, फ्यूज, इजेक्शन सीटचा (वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीचा) कोणताही नळकांडीसारखा भाग, इंजिन सुरू करायचं काडतूस, किंवा ज्याच्या आत काय आहे ते कळत नाही असं कुलूपबंद धातूचं भांडं दिसलं तर ते उचलू नका, हलवू नका, उन्हात ठेवू नका. घरच्यांना बाहेर काढा आणि ११२ला फोन करा. बॉम्ब शोधक व नाशक पथक जागेवर येतं. मोटारसायकलच्या डिकीत घालून ते पोलीस ठाण्यात नेऊन देणं हा सर्वांत धोक्याचा उपाय आहे. जुनं स्फोटक काळाबरोबर निकामी होईलच असं नाही. काही प्रकार उलट धक्क्याला अधिक नाजूक होतात.

डायलवरचे आकडे मळकट पिवळे किंवा तपकिरी रंगानं उठावदार काढलेले असतील तर त्यात किरणोत्सारी रेडियम आहे असंच धरा. अंधारात चमकत नाही म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. चमक देणारं झिंक सल्फाइड काही वर्षांत मरतं, रेडियम-२२६ निम्मं व्हायला मात्र १,६०० वर्षं लागतात. डायलची काच शाबूत असेल तर ती उघडू नका, रंग खरवडू नका, पुसायलाही काढू नका. हाताळल्यावर साबणानं हात धुवा. ती झोपायच्या खोलीत, देवघरात किंवा मुलांच्या कपाटात नको. हवा खेळणाऱ्या खोलीत, माणसांच्या नेहमीच्या बसण्याच्या जागेपासून दूर ठेवा. रेडियममधून रेडॉन वायू सुटतो, म्हणून बंद कपाटात दहा डायली एकत्र साठवणं वाईट. गायगर काउंटर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) मिळाला तर आधी रिकाम्या खोलीचा आकडा घ्या (आपल्याकडे साधारण ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास), मग डायलजवळचा आणि मग ३० सेंटिमीटरवरचा. अंतराबरोबर आकडा किती झपाट्यानं उतरतो ते पाहिलं की ती कुठे ठेवायची हे आपोआप कळतं. काच फुटलेली असेल तर झिपच्या दोन पिशव्यांत, एकीत एक, बंद करा आणि मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेला कळवा. भंगारवाल्याला तर देऊच नका. २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं एक जुनं यंत्र कापलं गेलं आणि एका माणसाचा जीव गेला. डायलमधला किरणोत्सार त्याच्या तुलनेत फार थोडा असतो, पण भंगारात काय येतं हे कापणाऱ्याला माहीत नसतं, हा भाग दोन्हीकडे सारखाच.

आतल्या बाजूचा हिरवट-पिवळा रंग झिंक क्रोमेटचा असतो. त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरते, म्हणून सँडपेपर लावायचा नाही. बोल्टांवरची कॅडमियमची कल्हई आणि एक्झॉस्टभोवतीचं अ‍ॅस्बेस्टॉसचं कापड याही अशाच गोष्टी. आणि चाकाचा हब किंवा गिअरचं कवच हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं फारच हलकं लागलं तर तो मॅग्नेशियमचा मिश्रधातू असू शकतो. त्याला ग्राइंडर लावलात तर किस पेट घेतो, आणि पाणी ओतलं की आग आणखी भडकते.

घरी जाणं

कापूस वेचणीच्या दिवसांत जाऊ नका, कुणाला बोलायला सवड नसते. आखाजी (अक्षय्य तृतीया) ही सर्वांत चांगली वेळ. लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि बापानं काय आणलं, कुणाला काय सांगितलं हे बहुतेक वेळा लेकींनाच पक्कं ठाऊक असतं. मुलगे 'बर्माहून आणलं' एवढ्यावर थांबतात. आत्या सांगते की बाबा पावसात विमानातून पडणाऱ्या तांदळाच्या पोत्यांची गोष्ट सांगायचे. सगळे वारस एका ठिकाणी असल्यामुळे परवानगीचाही प्रश्न सुटतो. एका भावाकडून घेतलेली वस्तू दुसरा भाऊ सहा महिन्यांनी परत मागायला आला, तर ती मुकाट्यानं द्यावी लागते.

पहिल्या भेटीत विकत घ्यायची गोष्ट काढू नका. बाबांविषयी विचारा, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायची परवानगी घ्या, बोली अहिराणी असेल तर अहिराणीतच बोलू द्या. तुमच्या मराठीत भाषांतर करून लिहिलंत तर 'बॉम पडना' आणि 'इमान पडनं' यांतला फरक हरवतो, आणि विमान पडलं होतं की बॉम्ब, हाच तर प्रश्न असतो. "हे त्यांनी स्वतः उचललं, की कुणी दिलं?" हा प्रश्न हमखास विचारा. छावणीत सिगारेटच्या बदल्यात असले तुकडे हातोहात फिरत.

नोंद : अर्धा तास लागतो

वस्तू पेटीतून काढण्याआधी पेटीसकट एक फोटो. मग पांढऱ्या कापडावर, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, सहा बाजूंनी सहा फोटो. टॉर्च आडवा धरून आणखी दोन. तिरप्या उजेडात पुसट शिक्के उठून दिसतात. लांबी, रुंदी, वजन. पत्र्याची जाडी व्हर्निअर कॅलिपरनं तीन ठिकाणी, रंग उडालेल्या भागावर.

डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या. मेडलांचाही घ्या, कडेवर कोरलेलं नाव-नंबर आणि मागची बाजू यांसह. मग साध्या कागदावर तारीख, गाव, वस्तूचं वर्णन आणि घरच्यांच्या शब्दांत हकिकत लिहून वारसांच्या सह्या घ्या. वस्तू विकत घेतली तर रक्कम, भेट मिळाली तर 'भेट' असा शब्द. या कागदाची एक प्रत घरच्यांकडे राहू द्या. वस्तूला लोंबती चिठ्ठी बांधा, सुती दोऱ्यानं, पेन्सिलीनं लिहिलेली. चिकटपट्टी लावायची नाही. तिचा गोंद दोन उन्हाळ्यांत रंगासकट निघतो.

हकिकत जुळते का

हकिकत जुळवायला डिस्चार्ज बुक उघडून बसा. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या आणि तिसऱ्या बटालियनचा शिपाई १९४४-४५मध्ये इटलीत लढत होता. नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते इटलीतच. चौथी बटालियन मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या संगशाकला जपान्यांसमोर उभी होती. तेव्हा पुस्तकात पहिली बटालियन आणि तोंडी 'जपानी विमान', असं असेल तर कुठेतरी गफलत आहे. वस्तू खोटीच असेल असं नाही, बहुधा ती नातेवाइकाची किंवा मित्राची असते. पायदळाबाहेरच्या फौजींना विसरू नका. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोरचे लोक डाकोटा विमानांत रसद भरत होते आणि सॅपर्स (लष्करी अभियंते) धावपट्ट्या दुरुस्त करत होते. विमानाच्या सर्वांत जवळ हेच होते.

मेडलही बोलतं. बर्मा स्टारची फीत मधोमध लाल आणि दोन्ही बाजूंना निळे पट्टे, त्यांत नारिंगी रेघ. १९७१साठी 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीचा) आणि 'पश्चिमी स्टार' (पश्चिम आघाडीचा) वेगळे आहेत. 'पूर्वी स्टार'वाल्या घरात सेबर विमानाचा तुकडा असणं पटण्यासारखं आहे, कारण ढाक्याच्या तेजगाव विमानतळावर पाकिस्तानची सेबर होती आणि शरणागतीनंतर ती मोडक्या अवस्थेत तिथेच राहिली. पण त्याच घरात 'स्टारफायटरचा पत्रा' म्हटलं तर थांबा. पाकिस्तानची स्टारफायटर विमानं फक्त पश्चिम आघाडीवर होती.

पत्रा वाचायचा कसा

आधी लोहचुंबक. चिकटला तर ते पोलाद. नाही चिकटला तर घनता काढा, आणि यासाठी खान्देशाइतकी सोय दुसरीकडे नाही, कारण सराफाचा काटा शेजारच्या पेठेत आहे. तुकडा हवेत तोला. मग बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून, भांड्याला न टेकवता पुन्हा तोला. हवेतलं वजन ८४ ग्रॅम, पाण्यात ५४, म्हणजे घट ३०. ८४ भागिले ३० म्हणजे २.८, हे विमानी ड्युरॅल्युमिन (ॲल्युमिनियमचा कडक मिश्रधातू). १.८च्या आसपास आलं तर मॅग्नेशियम, ७.८ म्हणजे पोलाद. लगेच कोरडं करा. डायली, लाकूड किंवा कापड जोडलेल्या वस्तू आणि मातीसकट आलेला पत्रा बुडवायचा नाही. सराफ कौतुकानं कॅरेट मोजायच्या यंत्रात घालून देईल, पण ते यंत्र सोन्यासाठी बसवलेलं असतं. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमसारख्या हलक्या धातूंचे त्याचे आकडे विश्वासाचे नसतात.

मग जाडी. ब्रिटिश पत्रा एस.डब्ल्यू.जी. (ब्रिटिश प्रमाण गेज) मापात असे : २४ नंबर ०.५६ मि.मी., २२ नंबर ०.७१, २० नंबर ०.९१, १८ नंबर १.२२. अमेरिकन पत्रा इंचाच्या हजाराव्या भागात : ०.०३२ इंच म्हणजे ०.८१ मि.मी., ०.०४० म्हणजे १.०२, ०.०५१ म्हणजे १.३०. जपानी आणि जर्मन पत्रा मिलिमीटरच्या सरळ आकड्यांत येतो. रंग आणि गंज जाडी फसवतात, म्हणूनच तीन ठिकाणी मोजायचं. रिव्हेटचंही तसंच : ब्रिटिश-अमेरिकन खिळा २.४, ३.२ किंवा ४.० मि.मी.च्या जवळ येतो, कारण तो इंचाच्या अपूर्णांकात केलेला.

रिव्हेटांची मांडणी हा माझ्या मते पत्र्यावरचा सर्वांत खरा पुरावा. विमानात खिळा कडेपासून त्याच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर असतो आणि दोन खिळ्यांमध्ये व्यासाच्या तिप्पटीपेक्षा कमी अंतर सहसा नसतं. चार ते सहापट नेहमीचं. ओळ दोरी लावल्यासारखी सरळ. अमेरिकन खिळ्याच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो, काहींवर उठावाचा ठिपका किंवा दोन उठावाच्या रेघा; ही मिश्रधातूची खूण. याउलट मधे भोक असलेला पोकळ पॉप रिव्हेट दिसला, पत्रा हातानं सहज वाकून तसाच राहिला आणि उलट बाजूला क्रोमेटचा मागमूस नसला, तर तो बहुधा बसच्या बॉडीचा पत्रा. एस.टी.च्या जुन्या गाड्यांची बॉडी ॲल्युमिनियमची होती, आणि अशा पत्र्याचे 'सेबरचे तुकडे' करून विकणं अवघड नाही. ड्युरॅल्युमिन वाकवलं की स्प्रिंगसारखं परत येतं. हे नुसत्या बोटाच्या हलक्या दाबानं बघायचं, मोडून नव्हे.

आतल्या बाजूचा रंग बघा. पिवळट हिरवा क्रोमेट असेल तर अमेरिकन. करडा हिरवा असेल तर ब्रिटिश. धातू आरपार दिसणारा निळसर हिरवा पारदर्शक लाखेचा थर असेल तर जपानी, आणि तो एकदा पाहिला की विसरत नाही.

शिक्क्यांत मुकुटासह 'ए.एम.' म्हणजे ब्रिटिश हवाई मंत्रालय. त्यांच्या सामान-नंबरातली सुरुवात विभाग सांगते : ६ए म्हणजे उपकरणं, ५सी विजेचं सामान, १०डी रेडिओ, १४ए कॅमेरे, १५ए पॅराशूट, २२सी वैमानिकाचे कपडे. 'सी.बी.ए.एफ.' म्हणजे कॅसल ब्रॉमविचचा स्पिटफायर लढाऊ विमानांचा कारखाना. जपानी पाटीवर शोवा वर्ष असतं, त्यात १९२५ मिळवा. शोवा १८ म्हणजे १९४३. अमेरिकन पत्र्यावर कधी कधी पत्र्याच्या कारखान्याची शाईची छापील ओळ टिकून असते. तिथे '२४एस-टी' (मिश्रधातूचं जुनं नाव) असेल तर तारीख जुळते. '२०२४-टी३' असं चार आकडी नाव असेल तर तो पत्रा १९५४नंतरचा, कारण ही क्रमांक-पद्धतच तेव्हा आली. १९४४ची हकिकत आणि '२०२४-टी३'चा शिक्का असला की पुढे तपासायची गरज नाही.

गोळीच्या भोकांवर भाळू नका. ०.३०३च्या गोळीचं भोक आठ मि.मी.च्या आसपास पडतं. बाहेर वळलेल्या पाकळ्यांच्या कडा चकचकीत असतील आणि भोवतालचा पत्रा जुना काळवंडलेला, तर भोक नंतर पाडलेलं आहे.

पिस्टनचा ॲशट्रे

बैठकीत विडी झाडायला ठेवलेली जड ॲल्युमिनियमची वाटी कितीकदा इंजिनाचा कापलेला पिस्टन असते. हिची ओळख पत्र्यापेक्षा सोपी, कारण सिलिंडरचा व्यास ठरलेला. पिस्टन त्याहून साधारण अर्धा ते एक मि.मी. बारीक असतो, म्हणून बाहेरून, रिंगांच्या खाचांखालच्या भागात, तीन दिशांनी माप घ्या. वरच्या टोकाला मापू नका, तिथे तो मुद्दाम अधिक बारीक ठेवलेला असतो.

पुढे आधी इंजिनाचं नाव, मग ते बसवलेली विमानं. सिलिंडर १३० मि.मी. असेल तर नाकाजिमा साकाए, म्हणजे जपानी हायाबुसा किंवा झीरो. १३७ असेल तर रोल्स-रॉइस मर्लिन, हरिकेन किंवा स्पिटफायर. १४० म्हणजे प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३०, डाकोटा किंवा लिबरेटर. १४६ला मात्र अडतं, कारण थंडरबोल्टचं आर-२८०० आणि लायसँडर, ब्लेनहाइमचं ब्रिस्टल मर्क्युरी या दोन्हींचं माप तेच. तिथे आतल्या बाजूचे ओतकामाचे नंबर पाहूनच ठरवायचं. १५५ ते १५६ म्हणजे राइट आर-२६००, व्हेंजन्स किंवा मिचेल. चुकतं कुठे, तर मर्लिन आणि आर-१८३० यांच्यात अडीच मि.मी.चाच फरक आहे. कुणी लेथवर घासून पॉलिश केला असेल तर तेवढं सहज निघून जातं आणि डाकोटाचा पिस्टन स्पिटफायरचा होतो. घासलेला दिसला की नोंदीत नाव प्रश्नचिन्हासह लिहा.

साफसफाई

पत्रा चिंच, लिंबू, राख, धुण्याचा सोडा किंवा पितळ घासायच्या पावडरीनं घासायचा नाही. चिंचेत आंबटपणा, सोबत मीठ लावलं तर खड्डे पडतात. राख आणि सोडा अल्कधर्मी, ॲल्युमिनियम सरळ खातात. दिवाळीच्या घासाघाशीत या वस्तू मोलकरणीच्या हाती लागू देऊ नका.

करायचं एवढंच : एन-९५ मास्क लावा, बकरीच्या केसांचा मऊ ब्रश कोरडा फिरवा. कोपऱ्यात अडकलेली माती काढलीत तर छोट्या कागदी पुडीत वस्तूबरोबरच ठेवा, तो पुरावा आहे. मग डिस्टिल्ड वॉटर, एक लिटरला पाच मिलिलिटर सौम्य द्रव साबण, कापसाच्या बोळ्यानं टिपत, एका वेळी दोन बोटं रुंद जागा. मागून साधं डिस्टिल्ड वॉटर. शाईच्या ओळींवर आणि सुटणाऱ्या रंगावर पाणी लावायचं नाही. पांढरी बुरशीसारखी पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. ती अगरबत्तीच्या बांबूच्या काडीचं टोक घासून त्यानं हलकेच उचला, लोखंडी टोक नको. पंख्याखाली पूर्ण दिवस सुकवा. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा एक पातळ हात, वीस मिनिटांनी मऊ कापडानं पुसून. काजळी आणि जळल्याचे डाग तसेच राहू द्या.

पर्स्पेक्सला स्पिरिट, थिनर किंवा काच पुसायचा स्प्रे लावला की बारीक तड्यांचं जाळं पडतं आणि ते परत जात नाही. कोमट पाणी पुरे.

पॅराशूटचं कापड कोणतं हे बघायला शिवणीच्या आतून एकच धागा काढून चिमट्यात जाळा. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे रेशीम. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन. कागदासारखा जळला तर सूत किंवा ताग. जाडाभरडा ताग दिसला तर नाक मुरडू नका. रेशमाची टंचाई होती म्हणून बर्मा आघाडीसाठी रसद टाकायची पॅराशूटं कलकत्त्याच्या तागातून केली गेली, त्यांना 'पॅराजूट' म्हणत. रसद पाडल्यावर ती बहुतेक तिथेच राहिली, त्यामुळे असा तुकडा मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

ठेवायचं कुठे

आपला उन्हाळा कोरडा असतो, त्याचा धातूला त्रास नाही. त्रास आहे पत्र्याच्या छपराखालच्या उकाड्याचा, पर्स्पेक्स आणि रबराला, आणि पावसाळ्याचा, सगळ्यांनाच. धाब्याचं घर थंड असतं खरं, पण धाब्यावरची खारी माती पावसात पाझरली की भिंतीला क्षार फुटतात आणि क्षारातलं मीठ ड्युरॅल्युमिनचा वैरी. पेटी भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीवरून उचलून ठेवा.

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा घ्या. दहा लिटरच्या डब्याला शंभर ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. आत स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. धातूसाठी आकडा ४० टक्क्यांखाली हवा. गुंडाळायला मांजरपाट, खळ निघेपर्यंत दोनदा धुतलेला. वर्तमानपत्र, लोकर आणि प्लायवूडचा खोका टाळा, त्यांतून आम्लाची वाफ सुटते. डांबराच्या गोळ्या कापडापासूनही दूर ठेवा आणि पर्स्पेक्सच्या खोलीत तर नकोच. रेशीम घडी घालून ठेवलंत तर घडीवर फाटतं. मांजरपाटानं मढवलेल्या नळीवर गुंडाळा. पितळी आणि ॲल्युमिनियमच्या वस्तू एकमेकींना टेकवू नका, दमट हवेत ॲल्युमिनियम आधी जातं. रेडियमची डायल यांतल्या कुठल्याच डब्यात नाही.

कायदा

शस्त्र अधिनियम १९५९च्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. म्हणून काडतुसांच्या पितळी पुंगळ्या, रिकाम्या असल्या तरी, संग्रहात घेऊ नका. भुसावळ-वरणगाव पट्ट्यात पुंगळी हाती आली तर तळाचा शिक्का बघा : 'ओ.एफ.व्ही.' म्हणजे वरणगाव आयुध निर्माणी, जी १९६०च्या दशकातली आहे. महायुद्धाशी तिचा संबंध नाही.

पुरावशेष व बहुमोल कलाकृती अधिनियम १९७२ वस्तूंना शंभर वर्षांची अट घालतो, त्यामुळे १९४४चा पत्रा अजून पुरावशेष नाही. पण ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखितं आणि दस्तऐवज ७५ वर्षांनंतरच त्या व्याख्येत येतात. वैमानिकाचं हातानं लिहिलेलं उड्डाण-पुस्तक किंवा फौजीची डायरी सापडली तर ती देशाबाहेर विकायचा विचारही नको. पुरावशेष खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. १९६५ आणि १९७१च्या वस्तूंत आपल्या किंवा शत्रूच्या विमानाचं पूर्ण उपकरण, रेडिओ किंवा शस्त्राचा भाग असेल तर ती सरकारी मालमत्ता ठरू शकते. घरच्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारायला सांगा आणि तोवर हात आखडता घ्या.

ईशान्येकडच्या डोंगरातल्या विमानाच्या सांगाड्यावरून कुणी नुकतंच काढून आणलेलं काही विकायला आणलं तर घेऊ नका. अशा जागी बेपत्ता वैमानिकांचे अवशेष असू शकतात. नाव कोरलेली चकती किंवा ओळखपत्र निघालं, तर ते संग्रहाची वस्तू नाही, कुणाच्या तरी घरच्यांची आहे.

भाव आणि पुढची सोय

ठरलेला भाव नाही. डिस्चार्ज बुक, मेडलं आणि सह्यांचा कागद यांसह आलेल्या तळहाताएवढ्या पत्र्याला नुसत्या मोठ्या पंखाच्या तुकड्यापेक्षा जास्त मोजा. मेडलं घरच्यांकडेच राहू देणं बरं. फोटो तुमच्याकडे, मेडलं त्यांच्याकडे. वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या गोळ्याला हकिकतीखेरीज काहीच ओळख नसते, तेव्हा कागद नसेल तर घेऊ नका. ओळख पटत नसेल तर फोटो आणि मापं पालमच्या हवाई दल संग्रहालयाला पाठवून बघा. संग्रह कुठे जाणार हेही वहीत लिहून ठेवा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी वस्तू द्यायची झाली तर पहिला प्रश्न कागदांचाच येईल.

वर्षातून दोनदा डबे उघडा : मृग लागण्याआधी आणि पाऊस सरल्यावर. दुसरी पाहणी खंडेनवमीच्या आधी आटपा, कारण त्या दिवशी घरातली माणसं या वस्तू पूजेला मागतात आणि नाही म्हणू नये. फक्त कुंकवात चुन्याचा अंश असतो आणि हळद रंगात मुरते, तेव्हा धातूला काहीच लावायचं नाही. पाटावर मांजरपाट, त्यावर पत्रा, पत्र्याशेजारी विड्याचं पान, आणि हळद-कुंकू व अक्षता त्या पानावर. आरतीचं तबक हातभर लांब. संध्याकाळी पान काढून टाका, पत्रा कोरड्या ब्रशनं झटका, चिठ्ठी जागेवर आहे ना ते बघा आणि डबा बंद करा.